नेट गेले, म्हणजे काय गेले?



'नेट गेलं' हे दोन शब्द आता आपल्या कानांवर रोज पडतात. रेशनच्या दुकानात अंगठा लावायला जावे, तर दुकानदार म्हणतो, "नेट गेलं, उद्या या." सातबारा काढायला सेवा केंद्रात जावे, तर तिथला मुलगा म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे, काका." बँकेतही तेच. आपण मान खाली घालून परत फिरतो. एका दिवसाची मजुरी बुडते. जाण्यायेण्याचे भाडे फुकट जाते. वर कोणाला काही विचारायची सोय नाही, कारण काय बिघडले हेच आपल्याला ठाऊक नसते.

मग हे नेट म्हणजे आहे तरी काय? ते येते कुठून? आणि ते गेले, म्हणजे नक्की काय गेले?

हा विषय कॉलेजात शिकवतात. वाशिंद-आसनगावची मुले लोकल धरून आणि मुरबाडची मुले एसटीने कल्याणकडे शिकायला जातात. त्यांतली जी संगणकाची पदवी घेतात, त्यांना 'कॉम्प्युटर नेटवर्क' नावाचा एक विषय असतो. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण गावातल्या मुलांच्या वह्या आम्ही मागून आणल्या आणि वाचल्या. अडले ते त्यांनाच विचारले. तेव्हा ध्यानात आले, की या विषयाचा पाया मुळीच अवघड नाही. ज्याने टपाल पाहिले आहे आणि चार गावे हिंडला आहे, त्याला तो कळतो. तेच येथे क्रमाने सांगतो.

जाळे कशाचे?

नेट म्हणजे जाळे. भातसा नदीत मासे धरायला टाकतात ना, तसेच. जाळ्यात दोन गोष्टी असतात, गाठी आणि दोरे. संगणकाच्या जाळ्यात मोबाईल, संगणक आणि वाटा दाखवणारी यंत्रे या झाल्या गाठी. तारा आणि मोबाईलच्या अदृश्य लहरी हे झाले दोरे.

जाळ्याचा एक मोठा गुण आहे. त्याचा एखादा दोरा तुटला तरी जाळे फुकट जात नाही. एका गाठीतून दुसरीकडे जायला दुसरी वाट असते. आपल्या लोकलचे तसे नाही. खडवलीजवळ रूळ अडला, की कल्याणकडून येणारी गाडी वाशिंदला यायची नाही. तिला दुसरी वाटच नाही.

हे नीट लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

जाळे विणले कोणी?

पहिले असे मोठे जाळे अमेरिकेत झाले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातल्या दोन संस्थांचे संगणक तारेने जोडून पहिला निरोप पाठवला. शब्द होता 'लॉगिन'. इंग्रजीत त्याची पाच अक्षरे. पहिली दोन पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला! पुढे काही वेळाने तो पुन्हा चालू केला आणि मग निरोप पुरा पोचला. म्हणजे 'नेट गेलं' हे जाळ्याच्या पहिल्याच दिवशी घडलेले आहे.

आपल्या देशात १९८६ साली सरकारने शिक्षणसंस्थांसाठी 'अर्नेट' नावाचे जाळे सुरू केले. त्याच सुमारास मुंबईत जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात फोनच्या तारेवरून संगणकाची पत्रे जाऊ लागली. सामान्य लोकांना पैसे भरून इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. म्हणजे ज्या गोष्टीवर आज आपले रेशन अडते, ती आपल्याकडे येऊन फार वर्षे झालेली नाहीत.

शब्दांचे आकडे

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला फक्त दोन गोष्टी कळतात, 'आहे' आणि 'नाही'. दिवा लागला किंवा विझला, तसे. 'आहे'ला तो १ म्हणतो आणि 'नाही'ला ० म्हणतो. मग जगातल्या बहुतेक लिप्यांसाठी ठरवून टाकले आहे, की अमुक अक्षर म्हणजे एक-शून्यांची अमुक ओळ.

'वाशिंद' हा शब्द घ्या. व, काना, श, पहिली वेलांटी, अनुस्वार आणि द, असे याचे सहा तुकडे होतात. सध्याच्या नेहमीच्या पद्धतीत आपल्या लिपीच्या प्रत्येक तुकड्याला २४ एक-शून्ये लागतात. म्हणजे 'वाशिंद' लिहायला १४४ एक-शून्ये झाली. ती तारेतून डोळ्याचे पाते लवायच्या आत निघून जातात.

पाकिटे

आता निरोप कसा जातो ते पाहू.

समजा, पुण्याला असलेल्या मुलीने नातवाचा फोटो आपल्या मोबाईलवर पाठवला. फोटो सबंध येत नाही. त्याचे लहान लहान तुकडे करतात. प्रत्येक तुकडा जणू एका पाकिटात घालतात. मुलांच्या पुस्तकातही त्याला 'पॅकेट' असाच शब्द आहे, म्हणजे आपले पाकीटच. साधारण फोटोची दोनशे-तीनशे पाकिटे सहज होतात. प्रत्येक पाकिटावर तीन गोष्टी असतात: कोणाला जायचे, कोणाकडून आले आणि हा कितवा तुकडा.

तुकडे कशाला करायचे? फोटो सबंध पाठवला, तर तो जाईपर्यंत तार एकट्याची होईल आणि बाकीचे खोळंबतील. पाणवठ्यावर एकीनेच सगळे हंडे भरत बसावे, तसे ते होईल. त्यापेक्षा प्रत्येकीने एकेक कळशी भरून बाजूला व्हावे, म्हणजे सगळ्यांचे चालते. शिवाय वाटेत काही बिघडले, तर सबंध फोटो पुन्हा पाठवावा लागत नाही. हरवलेले पाकीट तेवढे पाठवले की काम भागते.

पत्ता आणि वाट

पाकिटाला पत्ता हवा. आपल्या टपालाला पिनकोड असतो. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तो बसवला. त्याच्या सहा आकड्यांत युक्ती आहे. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र आणि आसपासचा मुलूख. पहिले तीन आकडे म्हणजे टपाल छाटण्याचा जिल्हा. शेवटचे तीन म्हणजे नेमके टपाल कार्यालय. त्यामुळे कलकत्त्याच्या टपालवाल्याला वाशिंद माहीत नसले तरी चालते. त्याने ४ पाहिला, पत्र पश्चिमेकडे टाकले, की त्याचे काम झाले.

जाळ्यातही अगदी असेच आहे. जाळ्यावर असलेल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता मिळतो. पत्त्याचा पुढचा भाग मोठा मुलूख दाखवतो आणि मागचा भाग नेमके यंत्र. वाटेत जागोजागी पाकिटे छाटणारी यंत्रे बसवलेली असतात. त्यांना 'राऊटर' म्हणतात. राऊटरला सगळी वाट ठाऊक नसते. म्हशाच्या जत्रेला पायी निघालेला परका माणूस काय करतो? प्रत्येक फाट्यावर विचारतो. फाट्यावरचा माणूस एवढेच सांगतो, "या अंगाने जा, पुढे विचार." असे विचारत विचारत तो जत्रेला बरोबर पोचतो. पाकिटाचेही तसेच. एक वाट बंद असली तर राऊटर दुसरी दाखवतो. एकाच फोटोची दोन पाकिटे दोन वेगळ्या वाटांनीही येऊ शकतात.

पोच

वेगळ्या वाटांनी आलेली पाकिटे मागेपुढे पोचतात. एखादे हरवते. म्हणून आपला मोबाईल दोन कामे करतो. पाकिटावरचा क्रमांक बघून तुकडे जागच्या जागी लावतो. आणि मिळाल्याची पोच पाठवतो. ठरल्या वेळात पोच गेली नाही, तर पाठवणारे यंत्र समजते, की पाकीट हरवले. ते तेच पाकीट पुन्हा पाठवते. मोबाईलवर चाक गरगर फिरत राहते, तेव्हा पुष्कळदा हेच चाललेले असते. पाकिटे हरवत आहेत आणि पुन्हा मागवली जात आहेत.

हे तुकड्यांचे, पत्त्याचे आणि पोचेचे नियम अमेरिकेतल्या विंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी १९७४ साली लिहून मांडले. १ जानेवारी १९८३ पासून त्या पहिल्या जाळ्यातले संगणक ते पाळू लागले. आज सगळे जग पाळते. जाळे तारांनी बांधलेले दिसते. खरे तर ते नियमांनी बांधलेले आहे. दोन यंत्रे वेगळ्या देशांतली असोत, वेगळ्या कंपन्यांची असोत, नियम एक म्हणून बोलणे जमते.

दोरा येतो कुठून?

पुष्कळांना वाटते, मोबाईलचे सगळे आकाशातून, उपग्रहातून येते. तसे नाही. मोबाईलपासून टॉवरपर्यंत ते हवेतून जाते. टॉवरच्या पुढे बहुतेक वाट जमिनीखालच्या तारेतून असते. ही तार काचेच्या तंतूंची असते. तंतू माणसाच्या केसाएवढा बारीक. एका टोकाला प्रकाशाची उघडझाप करतात, दुसऱ्या टोकाला ती वाचतात. काचेतून प्रकाश एका सेकंदात सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईपासून वाशिंद रेल्वेने सुमारे ८० किलोमीटर. प्रकाशाला तेवढ्यासाठी एका सेकंदाचा अडीच हजारावा भाग पुरतो. परदेशी जाणाऱ्या मोठ्या तारा मुंबईच्या किनाऱ्यावरून समुद्रात उतरतात आणि तळाशी पसरत जातात.

देशात अशा तारा रेल्वेमार्गांच्या कडेनेही टाकलेल्या आहेत. त्या कामासाठी २००० साली 'रेलटेल' ही सरकारी कंपनी निघाली. तिच्या तारा आज ६० हजार किलोमीटरहून लांब आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतू न्यायची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तिलाच आता 'भारतनेट' म्हणतात.

पण तार जवळून गेली, म्हणजे घरात नेट आले असे होत नाही. हे शहापूरकरांना वेगळे सांगायला नको. तानसा आणि भातसा ही धरणे आपल्या तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईला जाते. आणि उन्हाळ्यात आपल्याच कित्येक पाड्यांवर बाया टँकरची वाट पाहत बसतात. मोठा नळ दारावरून जातो, पण त्याला आपली तोटी नसते. नेटचेही असेच आहे. मोठ्या तारेपासून पाड्यापर्यंतचा शेवटचा दोरा हाच खरा प्रश्न.

आता मघाची गोष्ट आठवा. जाळ्याला दुसरी वाट असते. मुंबईला दहा वाटा आहेत. एक तुटली तर नऊ आहेत. आडबाजूच्या पाड्याला पुष्कळदा एकच टॉवर आणि त्याला एकच तार असते. जेसीबीने रस्ता खणताना ती तोडली, की संपले. शहरात जाळे असते. पाड्यावर त्याचा एकच लोंबता दोरा असतो.

नेट गेले, तर काय पाहावे?

इतके कळले, म्हणजे 'नेट गेलं' असे ऐकून आपण नुसते परत फिरणार नाही. चार प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न: माझेच गेले, की शेजाऱ्याचेही? माझेच गेले असेल, तर पैसे संपले असतील किंवा मोबाईल बंद करून पुन्हा चालू करावा लागेल.

दुसरा प्रश्न: एकाच कंपनीचे गेले, की सगळ्यांचे? एकाच कंपनीचे गेले असेल, तर तिचा टॉवर किंवा तिची तार बिघडली आहे.

तिसरा प्रश्न: वीज आहे का? टॉवर विजेवर चालतो. वीज फार वेळ गेली, की त्याची बॅटरीही उतरते.

चौथा प्रश्न: बाकी सगळे चालते आणि एकच काम अडते का? तसे असेल, तर नेट गेलेलेच नाही! अडचण पलीकडच्या टोकाला आहे. तिथे जो संगणक सगळ्यांना माहिती देतो, त्याला 'सर्व्हर' म्हणतात. सर्व्हर म्हणजे वाढपी. पंगतीला हजार पाने आणि वाढपी एकच, मग वाढायला उशीर होणारच.

बिघाड कुठे आहे हे कळले, म्हणजे तक्रार कोणाकडे करायची हेही कळते. तक्रार लेखी करावी. तारीख, वेळ आणि काय अडले ते लिहावे. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते. लिहिलेला कागद फायलीत राहतो. आता तुम्हाला लिहिता येते. ते अशाच वेळी कामाला लावायचे.

आणि रेशनबद्दल एक मुद्दाम सांगतो. नेट नाही किंवा अंगठा जुळला नाही, एवढ्याच कारणाने हक्काच्या कुटुंबाला धान्य नाकारू नये, अशी केंद्र सरकारची २०१७ सालची सूचना आहे. दुकानदाराने परत पाठवले, तर त्याला शांतपणे हे सांगावे. तरी ऐकले नाही, तर तहसील कचेरीत पुरवठा शाखेकडे अर्ज द्यावा.

जाळे हमी घेत नाही

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पोस्टमन पत्र आणून देतो. पत्रातला मजकूर खरा की खोटा, हे तो सांगत नाही. ते त्याचे काम नव्हे. जाळेही तसेच. ते पाकिटे इमानाने पोचवते. चांगल्याची पोचवते आणि लबाडाचीही पोचवते. मोबाईलवर आले म्हणून ते खरे, असे कधीही समजू नये.

मग ओळखावे कसे? एक खूण नवसाक्षरालाही जमण्याजोगी आहे. आकड्यांचे पत्ते माणसाला पाठ होत नाहीत, म्हणून संकेतस्थळांना नावे दिलेली असतात. आपण पत्ता कसा लिहितो? आधी माणसाचे नाव, मग गाव वाशिंद, तालुका शहापूर, शेवटी जिल्हा ठाणे. सर्वांत मोठे ठिकाण शेवटी. संकेतस्थळाचे नावही असेच असते. त्याचा खरा मालक शेवटी कळतो. महाराष्ट्रात जमिनीच्या कागदांचे सरकारी ठिकाण आहे 'महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन'. शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आले, म्हणजे ते सरकारचे. लबाड माणूस काय करतो? 'महाभूमी' आणि 'जीओव्ही' हे शब्द मध्येच घालतो आणि शेवटी भलतेच काही लिहितो. म्हणून नाव शेवटाकडून वाचावे. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडाव्या. त्यांच्या पुढे जिथे पहिली एकटी तिरकी रेघ येते, तिथे नाव संपले. त्या रेघेच्या लगेच अलीकडे काय आहे ते पाहावे. ही नावे बहुधा इंग्रजी अक्षरांत असतात. पण २०१४ पासून 'डॉट भारत' असे आपल्या लिपीतही नाव घेता येते.

नावाजवळ पुष्कळदा कुलपाचे चित्र दिसते. त्याचा अर्थ, वाटेत कोणी पाकीट फोडून वाचू शकणार नाही. पलीकडे बसलेला माणूस सज्जन आहे, असा त्याचा अर्थ नाही. चोरालाही पाकिटाला कुलूप लावता येते.

म्हणून मोबाईलवर आलेला गुप्त आकडा, ज्याला ओटीपी म्हणतात, तो कोणालाही सांगू नये. बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. मोबाईलवर पैसे घेताना आपला पिन टाकावा लागत नाही. पिन पैसे देताना लागतो. "पैसे मिळतील, पिन टाका," असे कोणी म्हटले, की तो लबाड समजावा. फसवणूक झालीच, तर लाजून घरात बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर फोन होईल, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

आणखी शिकायचे असेल तर

घरातल्या मुलाला हा विषय पुढे शिकायचा असेल, तर वाटा आहेत. आयआयटी आणि बंगळूरची विज्ञान संस्था यांनी २००३ साली 'एनपीटेल' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात या विषयाची व्याख्याने फुकट ऐकायला मिळतात. भाषा बहुतेक इंग्रजी असते, हे खरे. नोकरी करत शिकायचे असेल, तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ साली निघाले.

मुलांच्या वहीत या सगळ्याचे पाच थर लिहिलेले असतात. खालून वर असे: तार आणि लहरी, शेजारच्या गाठीपर्यंतची उडी, पत्ता आणि वाट, तुकडे आणि पोच, आणि सर्वांत वर आपले काम, म्हणजे फोटो, सातबारा, रेशन. खालचा एक थर ढासळला, की वरचे काम थांबते. कॉलेजातला पहिला धडा एवढाच आहे. तो तुम्ही आता वाचून संपवला.

पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "नेट गेलं, उद्या या," तर त्याला विचारा, "भाऊ, कुठलं गेलं? टॉवर, तार, की सर्व्हर?" जो विचारतो, त्याला उत्तर द्यावे लागते.

आठवून सांगा

१. फोटोचे तुकडे करून का पाठवतात?
२. राऊटरला सगळी वाट ठाऊक नसते, तरी पाकीट कसे पोचते?
३. शहरापेक्षा पाड्यावर नेट जास्त वेळा का जाते?
४. संकेतस्थळाचे नाव कुठल्या बाजूने वाचावे? का?
५. तुमच्या गावातल्या रेशन दुकानात मागच्या महिन्यात नेट किती वेळा गेले? चौघांनी मिळून तारखा आणि वेळा लिहून काढा.